‘घर’ नावाचा फोल्डर

रविवार, ५ जानेवारी

मावशीच्या नातीचं आज बारसं होतं. तिला पाळण्यात घालताना आई व्हिडिओ काढत होती आणि मधेच फोनने सांगितलं, जागा शिल्लक नाही. नाव ठेवायच्या आधीच व्हिडिओ संपला. आईने फोन पर्समध्ये टाकला. घरी आल्यावर म्हणाली, "एवढा कम्प्युटर शिकलीस ना गो, मग आपल्या फोनला जागा करता येत नाही तुला?"

दर महिन्याला पैसे भरून कंपनीकडे जागा घेता येते, सगळे तेच करतात. मला ते पटत नाही. आपले फोटो कुठल्या देशात, कोणाच्या मशीनवर पडून राहणार आणि त्यातून ते काय काय काढून घेणार, आपल्याला कधी कळणार नाही. घरातल्या आठवणी घरातच असाव्यात. कॉलेजात शेवटच्या वर्षी माझं प्रोजेक्ट याच विषयावर होतं आणि मी ते फक्त मार्कांसाठी केलं नव्हतं.

ऑफिसातला केयूर सर्व्हर सांभाळतो. त्याच्या घरी ‘नॅस’ आहे. लहान डब्याएवढं मशीन, आत हार्ड डिस्क, घरच्या वायफायला जोडलेलं. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात जाऊन बसतात. आपल्याकडेही तसंच करायचं.

बाबांना सांगितलं. "तुझं तू ठरव, आता तू कमावतेस," म्हणाले आणि ड्युटीला निघाले. रविवार असूनही. स्टोअरला माल आला की सुपरवायझरला जावंच लागतं. मी म्हटलं, आता माझंही ऑफिस मुलुंडलाच आहे, तर उद्यापासून एकत्र निघू. "मी लवकर जातो. तू झोप जरा," म्हणाले. त्यांचं स्टोअर नक्की कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, "आत आहे. खूप आत."

शनिवार, ११ जानेवारी

केयूर आणि मी जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर याच विषयावर भांडतोय.

"दोन डिस्कवाला घे. एक गेली तर दुसरीवर सगळं असतं."

"एवढं बजेट नाही रे माझं."

"मग एकवाला घे आणि वर्षभरात रड."

शेवटी त्याच्या चुलतभावाचा जुना, एका डिस्कचा डबा घेतला. सुरुवात म्हणून ठीक आहे. कांजूरला घरी आणेपर्यंत मांडीवर धरून बसले होते.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पेटी सुरू झाली. आई तिला पेटीच म्हणते. तिने हळदकुंकू वाहिलं आणि वर तिळगूळ ठेवला. तो मी लगेच उचलला, मुंग्या लागतील म्हणून.

सुरू करताना मशीनने विचारलं, किती माणसं वापरणार, प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड बनवायचा का. मी एकच बनवलं. नाव ‘घर’. आमच्याकडे कपाट एक, आरसा एक, साबणसुद्धा एक. तिघांना तीन खाती कशाला? कोणाला कोणापासून काय लपवायचंय?

आईचा फोन जोडला, माझा जोडला. बाबांनी दिला नाही. "माझा राहू दे. त्यात काय आहे, लोकांचे गुड मॉर्निंगचे फोटो."

"तेही घरचेच की, बाबा."

"राहू दे म्हटलं ना."

बाबा असं कधी बोलत नाहीत. दमले असतील.

बुधवार, १५ जानेवारी

सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा त्यांचा फोन जोडून टाकला. पिन मला माहीत आहे, मीच ठेवून दिलाय, माझी जन्मतारीख. सगळे फोल्डर निवडले, व्हॉट्सॲपचासुद्धा, म्हणजे काही सुटायला नको. त्यांना कळणारही नाही आणि फोन हरवला तर हेच म्हणतील, बरं झालं जान्हवीने केलं.

सोमवार, २७ जानेवारी

मोठी बातमी. आमच्या गावच्या वाडीच्या मुंबई मंडळाची वार्षिक बैठक यंदा आमच्या घरी आहे, १६ फेब्रुवारीला. नवा अध्यक्ष त्याच दिवशी ठरेल आणि सगळे बाबांचं नाव घेतायत. काल सेक्रेटरी नंदकिशोरकाका येऊन गेले. ते बँकेतून रिटायर झालेत आणि सगळ्यांशी काउंटरच्या पलीकडून बोलल्यासारखे बोलतात. बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अध्यक्ष म्हणजे कसो, मंडळींक मान वर करून बघता येईल असो होयो. दत्ताराम, तू सुपरवायझर माणूस, तुझी पोरगी पदवीधर. अजून काय होया?"

बाबा नुसते हसले. आईने काकांना दोनदा चहा दिला.

काकांकडे मंडळाचे जुने अल्बम आहेत. गिरणीच्या गेटवरचे, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे, भजनाचे. ते स्कॅन करून पेटीत टाकायचे आणि बैठकीच्या दिवशी टीव्हीवर दाखवायचे, असं मी कबूल केलंय. पण जुनी डिस्क लहानच, पेटी आत्ताच जवळजवळ भरली. एकट्या बाबांच्या फोनमधून हजारावर फोटो आलेत. गुड मॉर्निंग पाठवणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही. उघडून बघायलाही जुनी पेटी फार वेळ लावते, म्हणून मी बघितले नाहीत. मोठी पेटी घ्यावी लागणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घेतली. दोन डिस्कची, नवी, प्रोसेसर जलद. थोडे पैसे कमी पडत होते ते बाबांनी दिले. "ओव्हरटाइमचे आलेत," म्हणाले. सुपरवायझरलाही ओव्हरटाइम मिळतो हे मला माहीत नव्हतं. कंपनी चांगली दिसते.

केयूरने फोनवरून एकेक पायरी सांगितली. जुन्या पेटीतलं सगळं नवीत उतरायला दिवस गेला. दोन्ही डिस्कवर आता तेच ते आहे. मी खूष होते, तर तो म्हणाला, "खूष होऊ नकोस. तू चुकून काही पुसलंस तर दोन्हीवरून पुसलं जाणार. तिसरी कॉपी घराबाहेर ठेव." त्याला नेहमी पुढचंच दिसतं. तिसरी डिस्क पुढच्या पगारात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नवी पेटी चेहरे ओळखते. आपण एकदा नाव सांगायचं, मग त्या माणसाचे सगळे फोटो ती स्वतः गोळा करते. आईचे, माझे, काकांच्या अल्बममधले विशीतले बाबासुद्धा तिने ओळखले. मी आईला हाक मारून दाखवलं.

मधे मधे ती दोन चेहरे शेजारी ठेवून विचारते, ही एकच व्यक्ती आहे का. एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला टोपी आणि मास्क घातलेला कोणीतरी वॉचमन. कुठल्यातरी फॉरवर्डमधला असणार. मी ‘नाही’ दाबलं. तिने पुन्हा दुसरा फोटो दाखवून विचारलं. पुन्हा ‘नाही’. आई मागे उभी होती. "राहू दे ते आता, जेवायला चल," म्हणाली. तिला स्क्रीनकडे फार वेळ बघवत नाही, डोळे दुखतात.

ओळखायचं काम अजून चालूच आहे. रविवारपर्यंत पूर्ण होईल.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ऑफिसला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. लिहिलं नाही तर दुखेलच.

काल संध्याकाळी, बाबा ड्युटीवरून आल्यावर, वीस-बावीस माणसं जमली होती. पुरुष सतरंजीवर, बायका आतल्या खोलीच्या दारात. हिशेब वाचून झाले, चहा आला, आणि नंदकिशोरकाका म्हणाले, "जान्हवी, दाखव गो तुझी पेटी." मी जुने फोटो लावले. गिरणीच्या गेटवरचा फोटो आला तेव्हा सगळे पुढे सरकले. हा अमका, हा तमका, ह्याला ओळखलं का, असं चाललं. मला इतकं छान वाटत होतं. मी उभी राहून दोन शब्दही बोलले, की आपला इतिहास आपल्याच ताब्यात राहिला पाहिजे वगैरे.

मग मला वाटलं, अध्यक्ष ठरायच्या आधी बाबांचे फोटो दाखवावेत. तरुणपणापासूनचे. चेहऱ्यांच्या यादीत ‘बाबा’ होतंच. मी ते दाबलं आणि आपोआप पुढे सरकेल असं लावलं.

पहिला भजनातला. दुसरा लग्नातला. तिसऱ्यात निळा युनिफॉर्म, टोपी, मागे मोठं गेट आणि टॉवरचं नाव. बाबा स्वतःच हात लांब करून फोटो काढतायत. चौथा तसाच. पाचवा तसाच, फक्त रेनकोट. पेटीने माझं ‘नाही’ ऐकलं नव्हतं. मास्कशिवायचे फोटो तिने दोन-तीन दिवसांत शोधले होते.

"ह्यो कोण?" काका म्हणाले. "दत्तारामासारखो दिसता."

आणि मी बोलले. कोणी मला विचारलं नव्हतं, बाबांना विचारलं होतं. मी म्हटलं, "ते ना काका, कंपनीच्या गॅदरिंगचं आहे. नाटकातला ड्रेस."

फोटो सरकतच होते. तेच गेट, तीच टोपी, कधी सकाळ, कधी दिवे लागलेले. मला रिमोटवरचं बटण सापडेना.

"भारी लांबला हो गॅदरिंग," मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

आईने प्लग काढला.

बाबा बसल्या जागेवरूनच म्हणाले, "नाटक नाही ते. ड्युटी आहे माझी. कामावर हजर झाल्याचा फोटो रोज ग्रुपवर टाकावा लागतो. नाही टाकला तर खाडा धरतात." आवाज अगदी साधा होता. मग म्हणाले, "नंदकिशोर, माझं नाव काढ. मला रविवारी ड्युटी असते, अध्यक्षाला ते जमायचं नाही."

कोपऱ्यातले एक आजोबा आपल्या मुलाबद्दल म्हणाले, "माझो झील पण सिक्युरिटीतच आसा. तेच्यात काय?" दोघातिघांनी मान हलवली. काका चष्मा पुसत म्हणाले, "अध्यक्षाचं पुढच्या बैठकीत बघू." कोणी काही वाईट बोललं नाही. एकेक जण निघताना आईला म्हणाला, चहा छान होता.

बाबा मला काही बोलले नाहीत. काल नाही, आज सकाळीही नाही. मी जागी होते. ते निघाले तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आई भांडी घासत होती. मी विचारलं, तुला माहीत होतं?

"तो ड्रेस मी रोज धुते. कुठे वाळत घालते, बघितलंस कधी?"

मी खिडकीकडे बघितलं.

"मोरीतल्या दोरीवर. तुझ्या ओढणीखाली."

मग तिने सगळं सांगितलं. मी दुसऱ्या वर्षाला असताना भांडुपची कंपनी बंद झाली, तेव्हा कुणीतरी बाबांना मुलुंडला स्टोअर सुपरवायझरची नोकरी देतो म्हणालं होतं. बाबांनी घरी येऊन तसं सांगितलं. मी त्याच दिवशी मैत्रिणींना सांगून टाकलं. ती नोकरी मिळालीच नाही. सिक्युरिटीची मिळाली. "महिन्याभरात दुसरं बघतो, मग सांगू जानूला, असं म्हणत राहिले," आई म्हणाली. "तू ज्याला त्याला सांगत सुटलेलीस, माझे बाबा सुपरवायझर. मग सांगायचं राहूनच गेलं."

"पण मला लाज नसती वाटली गं."

आईने भांडं पालथं घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "परवा मग नाटक कशाला म्हणालीस?"

गुरुवार, २० फेब्रुवारी

तिघांची तीन खाती केली. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. बाबांचा फोन पेटीपासून तोडला. हे सगळं पहिल्या दिवशी मशीनने मला विचारलं होतं.

संध्याकाळी बाबा जेवत असताना म्हटलं, "बाबा, तुमच्या फोनमधले फोटो पेटीतून काढून टाकू का?"

ते कालवण भातावर घेत राहिले. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणाले, "तेव्हा विचारलं होतंस?"

"नाही."

"मी नको म्हणालो होतो."

"हो."

"मग आता कशाला विचारतेस?" भात कालवत म्हणाले, "पुसू नको. एक दिवस खाडा नाही त्याच्यात. आजारी असताना पण गेलोय."

आई म्हणाली, "जेवू दे त्यांना."

जगातल्या सगळ्या कंपन्यांपासून घर वाचवायला निघाले होते मी. त्यांनी निदान ‘मान्य आहे’ असं बटण तरी दाबायला लावलं असतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज बाबांचे फोटो उघडले. पुसायचे नाहीत तर त्यांच्या खात्यात हलवावे लागतील, हे कारण. पण हलवता हलवता मी बघत बसले.

ते फोटो काढताना कधीच हसत नाहीत. गेटवरचं नाव चौकटीत यायला हवं म्हणून मान एका बाजूला करतात. डोकं अर्धं कापलं गेलं तरी चालतं, नाव आलं पाहिजे.

माझ्या पदवीदानाच्या दिवसाचा फोटो सापडला. त्या दिवशी बाबा उशिरा आले होते. माझं नाव पुकारून झालं होतं, आणि मी त्यांच्याशी बसस्टॉपपर्यंत बोलले नव्हते. फोटोत युनिफॉर्मच्या गळ्यातून आतल्या शर्टाची कॉलर वर आली आहे. पांढरी, निळ्या रेघांची. आईने समारंभासाठी आणलेला शर्ट. तो घालूनच ते ड्युटीवर उभे होते.

नंतर लक्षात आलं, की आत्ताही मी त्यांना न विचारताच बघते आहे. बंद केलं. बाकीचे न बघता हलवले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बाबा आज घरातूनच युनिफॉर्म घालून निघाले. जिन्यात शेजारच्या पद्मजावहिनींनी बघितलं. "काय भाऊ, नवीन नोकरी?" "नाही, जुनीच," बाबा म्हणाले.

मीही तयार होते. म्हटलं, बाबा, थांबा, मी येते. ते थांबले नाहीत. "तू तुझ्या वेळेने ये. तुझ्या ऑफिसातलं कोणीतरी भेटेल वाटेत."

मी म्हणायला हवं होतं, भेटू दे. मी चप्पल शोधायला लागले. चप्पल समोरच होती.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज जे झालं ते झालं तसं लिहिते. माझ्या बाजूने लिहायचा मोह होतोय.

केयूर आणि मी जेवणाच्या सुट्टीत तिसरी डिस्क बघायला बाहेर पडलो. ही घराबाहेर ठेवायची, माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. केयूर वॉरंटीबद्दल काही सांगत होता. समोरच्या फुटपाथवरून बाबा येत होते. युनिफॉर्म, टोपी, आणि दोन्ही हातांवर कोणाचे तरी इस्त्रीचे कपडे आडवे धरलेले. चुरगळू नयेत म्हणून जरा वाकून चालत होते.

त्यांनी मला बघितलं. मग शेजारी केयूरला बघितलं. आणि मान वळवून ते दुकानांच्या पाट्या वाचत पुढे निघाले, जसं काही त्यांना एखादी पाटी शोधायची होती. आमच्यात फक्त रस्ता होता.

मी "बाबा" म्हटलं.

म्हटलं, पण आवाज असा काढला की तो पलीकडे पोचू नये. हे मला ते म्हणत असतानाच कळलं. केयूरलासुद्धा ऐकू आलं नाही, तो बोलतच होता. बाबा पुढे गेले. पाठीवर इंग्रजीत सिक्युरिटी असं लिहिलेलं होतं, ते दोन गाड्यांच्या मधून दिसत होतं, मग दिसेनासं झालं.

तेव्हा मी ओरडले. "ओ बाबा!" भाजीवाली वळली, रिक्षावाला वळला. बाबा थांबले. मी रस्ता ओलांडून धावले, केयूर मागून आला. बाबांच्या चेहऱ्यावर राग होता.

"केयूर, हे माझे बाबा," मी म्हटलं. "इथे टॉवरला सिक्युरिटीत आहेत."

"नमस्ते अंकल," केयूर म्हणाला आणि हात पुढे केला. बाबांचे दोन्ही हात अडकलेले होते. मग त्यांनी ते कपडे माझ्या हातांवर दिले, पँटला हात पुसला आणि केयूरशी हात मिळवला. "ही पेटी पेटी करते ती तुझीच काय आयडिया?" म्हणाले. केयूर हसला, म्हणाला, "आयडिया माझी, अंकल. गडबड तिची." बाबा हसले नाहीत, पण खालचा ओठ जरा हलला.

"आण इकडे, घडी मोडशील," असं म्हणून त्यांनी कपडे परत घेतले. "मॅडम वाट बघत असतील. आणि ड्युटीवर असताना रस्त्यात ओरडायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

ते गेले. केयूरने परत येताना एवढंच विचारलं, की बाबा रोज कांजूरवरूनच येतात ना, मग तुम्ही एकत्र का नाही येत. मी म्हटलं, उद्यापासून येऊ.

संध्याकाळी बाबा घरी आले. मी विचारलं, उद्या किती वाजता निघायचं. त्यांनी वेळ सांगितली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या प्रश्नाला नुसतं उत्तर दिलं, वर काही न जोडता. आई आतून ऐकत होती, तिने उद्याचे दोन डबे आत्ताच ओट्यावर काढून ठेवलेत.

पण मी मारलेली पहिली हाक त्यांना ऐकू आली होती का, ते मला कधीच विचारता येणार नाही.